अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई होळकर (३१ मे १७२५ – १३ ऑगस्ट १७९५) या माळव्यातील होळकर घराण्याच्या राज्यकर्त्या होत्या. १७६७ पासून मृत्यूपर्यंत सुमारे २८ वर्षे त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वर येथून राज्यकारभार पाहिला. केदारनाथपासून रामेश्वरपर्यंत त्यांनी बांधलेली किंवा जीर्णोद्धार केलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा, विहिरी व अन्नछत्रे यांमुळे त्यांचे नाव भारतभर परिचित आहे. यांतील बहुतेक कामे होळकरांच्या राज्याबाहेर, इतर सत्ताधीशांच्या मुलखात झाली. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील मंदिराचा जीर्णोद्धार हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे. हा दानधर्म कोणत्या पैशातून झाला, कोणाच्या नावाने झाला आणि त्याचा त्यांच्या राजकीय स्थानाशी काय संबंध होता, हे त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचे प्रश्न आहेत.

जन्म आणि विवाह

अहिल्याबाईंचा जन्म चौंडी या गावी झाला. सीना नदीच्या काठचे हे गाव सध्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात असून हा तालुका बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. कुटुंब धनगर समाजातील होते. बाजीराव पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी आपला मुलगा खंडेराव याच्यासाठी ही मुलगी पसंत केली आणि १७३३ मध्ये विवाह झाला. मल्हाररावांनी तिला मंदिरात पाहिल्याची कथा लोकप्रिय आहे. तिच्या तपशिलात गावोगाव फरक पडतो.

मालेराव आणि मुक्ताबाई ही त्यांची दोन अपत्ये. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेर किल्ल्याच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. त्यानंतरच्या १२ वर्षांत मल्हारराव मोहिमांवर असताना घरचा हिशेब, वसुली, तोफा व दारूगोळ्याची सिद्धता ही कामे त्यांच्याकडे येत गेली. सासऱ्यांच्या पत्रांतून त्यांना या कामांविषयी स्पष्ट लष्करी सूचना मिळत असत. पुढे केवळ पूजाअर्चेत रमलेली साध्वी अशी त्यांची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्यात हा काळ बसत नाही.

खासगी आणि दौलत

अहिल्याबाईंचा दानधर्म समजून घेण्यासाठी होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग लक्षात घ्यावे लागतात. पहिला भाग दौलतीचा, म्हणजे सरंजामाचा. त्यातून फौजेचा खर्च भागवायचा आणि पेशव्यांच्या सरकारला द्यावयाची रक्कम द्यायची. दुसरा भाग खासगीचा. जानेवारी १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये होते. हे उत्पन्न घरातील मुख्य स्त्रीचे असे आणि त्याच्या खर्चाबाबत सुभेदारालाही अधिकार नसे. मराठा सरदारांच्या घराण्यांत स्त्रियांना चोळी-बांगडीसाठी गावे देण्याची पद्धत होती; परंतु एवढ्या मोठ्या उत्पन्नाची आणि पिढीजात चालणारी अशी व्यवस्था विरळाच होती.

१७६१ मध्ये गौतमाबाईंचे निधन झाल्यावर खासगी अहिल्याबाईंकडे आली. राज्य हाती येण्याच्या सहा वर्षे आधीच त्या स्वतःच्या हक्काच्या मोठ्या उत्पन्नाच्या धनी झाल्या होत्या. पुढील सर्व मोठी दाने प्रामुख्याने या खासगीतून झाली. रयतेकडून फौजेसाठी वसूल केलेला पैसा देवकार्याला लावायचा नाही आणि देवकार्याचा पैसा फौजेला द्यायचा नाही, असा भेद त्यांनी पाळला. या भेदामुळेच पुढे मोठा वादही उद्भवला.

सत्तेचा प्रश्न

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. नातू मालेराव सुभेदार झाले, पण वर्षाच्या आतच त्यांचाही मृत्यू झाला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्याकडे ठेवावा असा घाट घातला आणि त्यासाठी रघुनाथराव पेशव्यांना माळव्यात बोलावून घेतले. अहिल्याबाईंनी दत्तकास नकार दिला, इतर मराठा सरदारांना पत्रे पाठवली आणि प्रतिकाराची तयारी केली. स्त्रीशी लढून जिंकले तर कीर्ती नाही आणि हरले तर नाचक्की, हे त्यांनी रघुनाथरावांच्या लक्षात आणून दिले असे चरित्रकार सांगतात. अखेर माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. मल्हाररावांचे विश्वासू सेनानी तुकोजी होळकर यांच्याकडे फौज आणि सुभेदारी आली, तर मुलकी कारभार व खजिना अहिल्याबाईंकडे राहिला.

याच प्रसंगाशी जोडलेली एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. होळकरांच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून व उदक सोडून अहिल्याबाईंनी तो धर्मकार्यासाठी अर्पण केला. रघुनाथरावांनी पैशाची मागणी केली तेव्हा, हे द्रव्य आता दानाचे झाले असून ब्राह्मण म्हणून संकल्पपूर्वक ते स्वीकारायचे असेल तर द्यायला हरकत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. पेशवा म्हणून मागितलेला पैसा दक्षिणा म्हणून घेणे रघुनाथरावांना मानवणारे नव्हते. ही कथा जशीच्या तशी घडली असो वा नसो, समकालीन लोक अहिल्याबाईंच्या दानाकडे कसे पाहत होते हे तिच्यातून दिसते. धर्मकार्यासाठी संकल्प सोडलेल्या संपत्तीला हात लावणे बलाढ्य सत्ताधीशालाही कठीण जात असे.

त्यांची स्वतःची स्थिती पाहता याला विशेष अर्थ होता. त्या विधवा होत्या, पुत्रहीन होत्या, फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे नव्हते आणि होळकर घराणे जुन्या राजकुळांपैकी नव्हते. दोन पिढ्यांपूर्वी ते मेंढपाळ व शेतकरी होते. तलवारीच्या जोरावर मिळालेल्या राज्याला धर्माची मान्यता मिळवून देण्याचे काम दानाने केले. मात्र त्यांच्या श्रद्धेला केवळ राजकीय चाल समजणेही चूक ठरेल. त्या निष्ठावान शिवभक्त होत्या. राज्य शंकराचे असून आपण त्याच्या वतीने कारभार करतो अशी त्यांची धारणा होती आणि राजाज्ञांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालत. त्यांच्या बाबतीत श्रद्धा आणि राजकारण वेगळे काढून दाखवणे अवघड आहे.

दानाचे स्वरूप

त्या काळी राजेरजवाड्यांनी दान करणे हे नवीन नव्हते. पुण्यात पेशवे श्रावण महिन्यात रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. दाभाडे घराण्याकडून आलेली ही प्रथा पेशव्यांनी फार वाढवली आणि दूरदूरचे ब्राह्मण त्यासाठी पुण्यास येत. घेणारा दात्याच्या दारी येई आणि राजधानीचा लौकिक वाढे. अहिल्याबाईंनीही ब्राह्मणांना वर्षासने दिली, महेश्वरात शास्त्री-पंडितांना आश्रय दिला. तथापि त्यांच्या दानाचा मोठा भाग राजधानीपासून दूर, यात्रेकरूंच्या वाटांवर खर्च झाला. त्यातील घाट, विहीर, बारव, पाणपोई, धर्मशाळा यांचा उपयोग वाटेने जाणाऱ्यांना होई.

१८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताविषयीच्या ग्रंथात सर जॉन माल्कम यांनी अहिल्याबाईंना पाहिलेल्या लोकांकडून माहिती मिळवून या दानाचे वर्णन केले आहे. कंपनीच्या या अधिकाऱ्याला आरंभी ही स्तुती अतिशयोक्त वाटली होती. चौकशीनंतर त्याचे मत बदलले. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यासाठी माणसे नेमलेली असत, हिवाळ्यात गरिबांना कपडे दिले जात. महेश्वरजवळच्या शेतांत औताला जुंपलेल्या बैलांना थांबवून पाणी पाजले जाई. शेतकरी पाखरांना हाकलून लावतात म्हणून काही शेतांतील उभे पीक विकत घेऊन ते पाखरांसाठी राखले जाई. नर्मदेतील माशांनाही अन्न टाकले जाई. दक्षिणेकडील देवस्थानांना दरवर्षी गंगाजलाच्या कावडी पाठवल्या जात.

दुसऱ्याच्या संपत्तीबाबतही त्यांची भूमिका उल्लेखनीय होती. निपुत्रिक मरण पावलेल्या धनिकाची मालमत्ता सरकारजमा करणे किंवा दत्तकविधानाच्या मंजुरीसाठी मोठा नजराणा घेणे हे त्या काळी सत्ताधीशांच्या उत्पन्नाचे साधन होते. खरगोण येथील दोन सावकार बंधूंच्या विधवांनी आपली संपत्ती अहिल्याबाईंना देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि लोकोपयोगी कामांवर खर्च करण्याचा सल्ला दिला. त्या पैशातून खरगोणला नदीवर घाट व मंदिर उभे राहिले. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीपर ग्रंथ लिहून आणला तेव्हा तो त्यांनी ऐकून घेतला आणि नर्मदेत बुडवण्यास सांगितले, अशीही नोंद माल्कम यांनी केली आहे.

परळी वैजनाथ

बीड जिल्ह्यातील परळी येथील वैजनाथ हे परंपरेने बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते (हा मान झारखंडमधील देवघर येथील वैद्यनाथाकडेही सांगितला जातो). टेकडीच्या उतारावरील हे दगडी मंदिर तटबंदीने वेढलेले असून तेथे रुंद पायऱ्यांनी चढून जावे लागते. सध्याचे मंदिर अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धारातून उभे राहिले. त्यासाठी लागणारा दगड जवळच्या त्रिशूलादेवीच्या डोंगरातून आणल्याचे स्थानिक परंपरा सांगते. काही ठिकाणी या जीर्णोद्धाराचे वर्ष इ.स. १७०६ असे दिलेले आढळते. हे वर्ष अहिल्याबाईंच्या जन्मापूर्वीचे असल्याने ते बरोबर असू शकत नाही. शके १७०६, म्हणजे इ.स. १७८४-८५, या आकड्याचा हा घोटाळा असण्याची शक्यता अधिक आहे.

त्या काळी बीडचा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत होता. मराठे येथून चौथाई-सरदेशमुखी मागत आणि या मागणीवरून दोन्ही सत्तांत वारंवार युद्धे होत. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोठा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. पेशव्यांच्या बाजूच्या सरदारांत मल्हारराव होळकरही होते. ज्या मुलखात सासऱ्यांनी तलवार चालवली, त्याच मुलखात साधारण दोन दशकांनी सुनेने मंदिराचे काम केले. मधल्या काळात पुणे व हैदराबाद यांचे संबंध बरेच निवळले होते. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध आणि १७८६ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध दोन्ही सत्ता एका बाजूला होत्या. परळीचे काम या शांततेच्या काळातले असल्यास ते निर्वेध पार पडण्याचे एक कारण त्यात सापडते.

मात्र शांतता हे एकमेव कारण नव्हते. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिरही निजामाच्या मुलखात होते. तेथे गौतमाबाईंनी व नंतर अहिल्याबाईंनी काम केले. परराज्यात काम करताना जागेची परवानगी, साहित्याची ने-आण, कारागिरांची सुरक्षितता आणि पुढील पूजेअर्चेच्या नेमणुका या सर्वांसाठी तेथील सत्तेची संमती लागे. फौज पाठवून हे होत नसे. होळकरांचा पैसा आला तरी त्यामागून होळकरांचा अंमल येणार नाही, याची खात्री निजामाच्या अधिकाऱ्यांना वाटणे आवश्यक होते. खासगी ही दौलतीपासून वेगळी असल्याने अशी खात्री देणे शक्य झाले. निजाम आणि टिपू सुलतान यांच्या दरबारांतही अहिल्याबाईंना पेशव्यांइतकाच मान होता आणि मुसलमानही त्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत, असे माल्कम यांनी नमूद केले आहे.

काशी आणि सोमनाथ

हीच पद्धत अधिक नाजूक ठिकाणीही दिसते. काशीचे विश्वेश्वर मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडून तेथे मशीद उभारण्यात आली होती. १७४२ च्या सुमारास मल्हाररावांच्या मनात ती मशीद पाडून मंदिर पुन्हा बांधण्याचा विचार होता. परंतु फौज निघून गेल्यावर आपले काय होईल या भीतीने काशीतील ब्राह्मणांनीच त्याला विरोध केला. अहिल्याबाईंनी मशिदीला हात न लावता शेजारच्या जागेत नवे मंदिर उभारले. ते १७८० च्या सुमारास पूर्ण झाले. सोमनाथ येथेही त्यांनी १७८३ मध्ये जुन्या भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर नवे मंदिर बांधले आणि सुरक्षिततेसाठी शिवलिंग तळघरातील गाभाऱ्यात स्थापले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी बिहारचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे होता.

या कामांतून त्यांची हिंदू राज्यकर्ती म्हणून असलेली ओळख ठसठशीतपणे दिसते आणि देवस्थानांची निवड त्याच ओळखीतून झाली होती. काम करण्याची रीत मात्र व्यवहारी होती.

पैशावरून मतभेद

अहिल्याबाईंच्या दानाला समकालीनांचा एकमुखी पाठिंबा नव्हता. तुकोजी होळकर वर्षानुवर्षे दूरच्या मोहिमांवर असत. फौजेचा पगार थकत असे, कर्ज वाढत असे आणि खजिना महेश्वरात असे. पैशासाठी त्यांच्याकडून वारंवार मागण्या येत. दौलतीच्या उत्पन्नात फौजेचा खर्च भागला पाहिजे, असे अहिल्याबाईंचे म्हणणे असे आणि त्या हिशेब मागत. उत्तर हिंदुस्थानात महादजी शिंदे यांनी फ्रेंच पद्धतीची कवायती पलटणे उभारली, तेव्हा होळकरांची फौज जुन्याच पद्धतीने लढत होती. १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या फौजेने तुकोजींचा दारुण पराभव केला. काशी-गयेवर खर्च झालेला पैसा पलटणींवर खर्च झाला असता तर काय झाले असते, असा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला आहे.

महेश्वरच्या जुन्या कारभाऱ्यांपुढे माल्कम यांनीही अशीच शंका मांडली होती. दानावर खर्च झालेल्या रकमेच्या दुप्पट पैसा फौजेवर घातला असता तरी राज्य इतके सुरक्षित राहिले नसते, असे उत्तर त्यांना मिळाले. अहिल्याबाईंच्या हयातीत माळव्यातील होळकरांच्या मुलखावर मोठे परचक्र आले नाही, ही वस्तुस्थिती या उत्तराच्या बाजूची आहे. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच घराण्यातील कलह आणि शिंदे-होळकर संघर्षात हाच मुलूख बेचिराख झाला. त्यांच्या नैतिक अधिकारामुळे टिकलेली सुरक्षितता त्यांच्यापुरतीच होती, असाही त्याचा अर्थ निघतो.

दानाचा वाटा समाजातील सर्वांना सारखा मिळाला नाही, हेही खरे आहे. मंदिरांच्या नेमणुका व वर्षासने मुख्यतः पुरोहितवर्गाकडे गेली. दुसरीकडे, महेश्वरात बाहेरून विणकर आणून वसवल्याने तेथील साडीचा उद्योग उभा राहिला आणि त्यात मुसलमान कारागिरांना पिढ्यानपिढ्या काम मिळाले. डोंगरातील भिल्लांचा वाटसरूंकडून कवडी घेण्याचा जुना हक्क मान्य करून रस्त्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवण्यात आली. या गोष्टींना दान म्हणत नाहीत.

अखेरची वर्षे

अहिल्याबाईंचे खासगी जीवन मृत्यूंनी व्यापलेले होते. पती आणि मुलानंतर नातू गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांच्या निधनानंतर मुक्ताबाई सती गेल्या. आईने केलेली विनवणी व्यर्थ ठरली. ज्यांना स्वतःला सासऱ्यांनी चितेपासून परत आणले होते, त्यांना मुलीला परत आणता आले नाही. मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरात छत्री बांधली.

११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. खर्डा हे जामखेड तालुक्यातील गाव, म्हणजे अहिल्याबाईंच्या माहेरच्याच परिसरातले. या लढाईत होळकरांची फौजही मराठ्यांच्या बाजूने होती आणि निजामाचा पराभव झाला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, अहिल्याबाईंचे महेश्वर येथे निधन झाले.

खासगीचे पुढील रूप

अहिल्याबाईंनंतरही खासगी होळकर संस्थानात स्वतंत्रपणे चालू राहिली. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा खासगीची मालमत्ता व उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्या बदल्यात अहिल्याबाईंच्या धर्मादाय कामांसाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमस्वरूपी बाजूला ठेवण्याचे ठरले. १७३४ च्या मूळ उत्पन्नाच्या आसपासचीच ही रक्कम होती; मधल्या दोन शतकांत रुपयाचे मोल किती घसरले होते याचा हिशेब तीत धरलेला नव्हता. १९६२ मध्ये या कामांसाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला आणि देशातील विविध तीर्थक्षेत्रांतील मंदिरे, घाट व धर्मशाळा त्याच्या देखरेखीखाली आल्या.

या मालमत्ता विकण्याचा अधिकार कोणाला, यावरून पुढे न्यायालयीन वाद झाला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो असा निर्णय देऊन त्याखाली नोंदणी करण्यास सांगितले. परळीच्या मंदिरात आजही महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.